धायरीतला जर्मन रेडिएटर

मार्च संपत आला होता. गोपाळकृष्ण घारपुरे सकाळी जागे झाले तेव्हा शेजारी पद्मजाबाई नव्हत्या. खाली येऊन बघतात तर त्या हॉलमध्ये नुसत्या फरशीवर, पंख्याखाली झोपलेल्या.

"अगं, इथे का?"

पद्मजाबाईंनी डोळे न उघडता सांगितलं, "वर रात्रभर कुणीतरी मला भाजत होतं."

"उन्हाळा आहे. यंदा सगळीकडेच उकडतंय."

"सगळीकडे म्हणजे कुठे? इथे तर नाही उकडत."

घारपुऱ्यांनी पंख्याचा वेग वाढवला. वरच्या खोलीत उकडण्याचं कारण काय असू शकतं, हे त्यांच्या मनात केव्हाच येऊन गेलं होतं. पण तिथे स्वतः बसवून घेतलेल्या रेडिएटरवर संशय घेणं म्हणजे स्वतःवर संशय घेणं, आणि तशी सवय त्यांना नव्हती.

घारपुरे चिंचवडच्या एका बेअरिंगच्या कारखान्यात इंजिनिअर होते. तरुणपणी कंपनीने त्यांना जर्मनीला पाठवलं. जेमतेम दोन-अडीच वर्षांसाठी. तेवढ्या भांडवलावर त्यांनी उरलेलं आयुष्य काढलं. कुठे होतात असं कोणी विचारलं की ते "श्टुटगार्ट" म्हणत, 'श्ट' वर नीट जोर देऊन. प्रत्यक्षात ते श्टुटगार्टहून बऱ्याच लांबच्या एका खेड्यात राहत, जिथे दिवेलागणीनंतर रस्त्यावर मांजरसुद्धा दिसत नसे. पण त्या खेड्याचं नाव घेऊन सदाशिव पेठेत कुणाची भुवई वर जाण्यासारखी नव्हती.

परत येताना कंपनीने सामानासाठी दिलेल्या खोक्यातून बाकीच्यांनी मिक्सर आणले, सुऱ्या आणल्या, चॉकलेटं आणली. घारपुऱ्यांनी रेडिएटर आणला. ते राहत त्या इमारतीची डागडुजी चालली होती आणि जुने रेडिएटर अंगणात काढून टाकले होते. बिडाचा, जाड फासळ्यांचा, दोन माणसांनाही उचलायला जड असा तो नग घरी खोकं उघडल्यावर बघून पद्मजाबाईंनी विचारलं होतं, "हे काय आहे?" त्यावर "खोली गरम ठेवतं" हे उत्तर मिळाल्यावर त्यांनी एकदा मे महिन्याच्या पुण्याकडे आणि एकदा नवऱ्याकडे पाहिलं होतं. पुढे कित्येक वर्षं सदाशिव पेठेतल्या फ्लॅटच्या बाल्कनीत त्याच्यावर पायपुसणी वाळत घातली जात.

निवृत्त झाल्यावर दोघं धायरीला रो-हाउसमध्ये राहायला आले. खाली हॉल आणि एक खोली, वर एक मजला, त्याच्यावर आणखी एक खोली. पोर्चच्या स्लॅबवर सोलरचं पॅनेल आणि टाकी. ते बघितल्यावर घारपुऱ्यांच्या डोक्यात जी कल्पना आली, ती इतकी सुंदर होती की तिच्यात काही चूक असेल असं त्यांना वाटलंच नाही. गरम पाणी हलकं असतं, ते आपोआप वर चढतं. गार झालं की जड होऊन खाली येतं. म्हणजे सोलरच्या टाकीतून दोन नळ्या सगळ्यात वरच्या खोलीत नेऊन रेडिएटरला जोडल्या की काम झालं. पाणी आपलं आपण फिरत राहणार.

"पंप नको, वीज नको, बटण नको!" ते येईल त्याला सांगत. शेवटच्या दोन शब्दांचा अर्थ त्यांना बराच उशिरा कळला.

हे सगळं पद्मजाबाईंच्या गुडघ्यांसाठी आहे, असं त्यांनी जाहीर केलं होतं. थंडीत त्यांचे गुडघे दुखत. पण गरम पाणी वरच चढणार म्हणून रेडिएटर सगळ्यात वर, आणि रेडिएटर वर म्हणून झोपायची खोलीही वर. पद्मजाबाई एवढंच म्हणाल्या, "गुडघ्यांसाठी रेडिएटर, आणि रेडिएटरसाठी दोन जिने."

डिसेंबरात प्लंबर संपतने तो बसवला. भोरकडचा हा गडी कामाला वाघ होता, पण रेडिएटर त्यानेही पहिल्यांदाच बघितला होता. दोघांनी मिळून फोनवर व्हिडिओ बघत बघत नळ्या जोडल्या. आकडे असलेली पांढरी गोल मूठ लावलेला व्हॉल्व्ह घारपुऱ्यांनी बाहेरून मागवला होता. पाचवर ठेवली की खोली कढत, शून्यावर फिरवली की बंद. पुण्यातली थंडी आली तशी गेली. फेब्रुवारीत घारपुऱ्यांनी मूठ शून्यावर आणली आणि ते निर्धास्त झाले.

तर त्या सकाळी चहा झाल्यावर पद्मजाबाई भाजी आणायला गेल्या आणि घारपुरे चोरासारखे वर गेले. मूठ शून्यावरच होती. त्यांनी रेडिएटरला हात लावला आणि तसाच झटकन काढून घेतला. मूठ उलट फिरवली, सुलट फिरवली. ती कुठेच अडत नव्हती, लहान मुलाच्या खेळण्यातल्या स्टिअरिंगसारखी गरगर फिरत होती. रेडिएटर चालू होता आणि बाहेर ऊन जसं चढेल तसा तो जोमाने चालणार होता. सूर्याला बटण नव्हतं.

संपतला फोन लावला.

"सर, गावाला हाय मी. जत्रा हाय आमची. आठवडाभर काय येत न्हाय."

"अरे, तो रेडिएटर बंद होत नाहीये."

"सोलरचा कॉक बंद करा की."

सोलरचा कॉक हलेना. बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी तो असा धरला होता, की पान्याने जोर लावल्यावर कॉक राहिला जागेवर आणि घारपुऱ्यांची पाठ धरली.

मग त्यांनी मुळाशीच घाव घालायचं ठरवलं. पाणी तापू नये म्हणून त्यांनी सोलरच्या पॅनेलवर दोन जाड ब्लँकेटं पांघरली आणि कडेने विटा ठेवल्या. दुपारपर्यंत खोली जरा निवली. आपण अजून इंजिनिअर आहोत, असं त्यांना वाटलं. चारच्या सुमाराला सिंहगडाकडून वारा सुटला आणि एक ब्लँकेट उडून गेलं. थोड्या वेळाने समोरच्या घरातल्या मदिनाबी ते घडी घालून घेऊन आल्या. मदिनाबी आणि त्यांचे यजमान चांदभाई, दोघंही घारपुऱ्यांच्याच वयाचे. चांदभाईंचं पूर्वी शनिवार पेठेत ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करायचं दुकान होतं. मुलगा हाताशी आल्यावर ते इकडे राहायला आले होते.

"भाऊ," मदिनाबी अगदी काळजीच्या सुरात म्हणाल्या, "सोलरला थंडी वाजते का?"

घारपुऱ्यांनी काहीतरी देखभालीचं काम आहे असं सांगितलं. पद्मजाबाई आतून म्हणाल्या, "ताप आलाय त्याला. घाम काढतोय आम्ही."

त्या दिवसापासून पद्मजाबाईंनी आपली उशी कायमची खालच्या खोलीत नेली. घारपुरे मात्र हट्टाने वरच झोपत राहिले. कर्णधाराने जहाज सोडायचं नसतं, अशी त्यांची समजूत होती. रोज सकाळी ते असे लालबुंद होऊन खाली येत, की दूधवाल्याने एकदा "काका, बीपी तपासा" म्हणून सल्ला दिला.

संपत येईपर्यंत थांबलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण प्लंबरसमोर हात टेकायचे, तर जर्मनीत राहून उपयोग काय झाला? शनिवारी पद्मजाबाई बहिणीकडे सदाशिव पेठेत गेल्या. त्यांची रिक्षा कोपऱ्यावर वळते न वळते तोच घारपुऱ्यांनी पाना, पक्कड आणि खोबरेल तेलाची बाटली घेतली आणि ते वर गेले.

व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं होतं की मूठ काढली की आत एक छोटी पिन दिसते. ती आत गेली की पाणी बंद, बाहेर आली की चालू. पिन अडकली असेल तर तेल सोडा आणि हलकेच ठोका. घारपुऱ्यांनी मूठ काढली. पिन होती, पण ती क्षारांनी पांढरीफटक झाली होती, जणू कुणी चुन्यात बुडवून ठेवली होती. त्यांनी तेल सोडलं. वाट पाहिली. हलकेच ठोकलं. पिन हलली नाही. मग स्वयंपाकघरातून खलबत्त्यातला बत्ता आणला. व्हिडिओतला माणूस बत्त्याबद्दल काही बोलला नव्हता, पण त्याच्याकडे धायरीच्या बोअरचं पाणीही येत नव्हतं.

एक ठोका. दुसरा जरा जोरात. तिसऱ्या ठोक्याला पिन सरकन आत गेली.

"झालं!" घारपुरे मोठ्याने म्हणाले. खोलीत ऐकायला कोणी नव्हतं याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

आणि पिन तिच्या सगळ्या लवाजम्यासकट उलट बाहेर उडाली. तिच्या मागून तांबूस, कढत पाण्याची चिळकांडी सरळ समोरच्या पलंगावर गेली. घारपुऱ्यांनी आधी अंगठ्याने भोक दाबलं आणि किंचाळले. मग टॉवेल घेतला, त्याचा बोळा करून भोकावर धरला आणि वरून बत्ता दाबला. धार थांबली नाही, पण पसरट झाली. आता ती भिंतीवर, छतावर आणि त्यांच्या चष्म्यावर जाऊ लागली. फोन खिडकीत होता. हात सोडून तिथवर जायची सोय नव्हती. ते खिडकीच्या दिशेने तोंड करून ओरडले. काय ओरडले ते त्यांना नंतर आठवेना. मदिनाबींच्या म्हणण्याप्रमाणे ते "हॅलो, हॅलो" असं ओरडत होते.

चांदभाई धावत वर आले. दारात उभे राहून त्यांनी सगळं पाहिलं.

"हा तो रेडिएटर?"

"हो!"

"मला वाटायचं, तुमच्याकडे जुनी गाडी आहे."

"चांदभाई, काहीतरी करा हो!"

"करतो, पण मला ट्रकचा कळतो. ट्रकचं इंजिन बंद करता येतं." ते गच्चीवर धावले. थोड्या वेळाने खाली आले तेव्हा त्यांच्या हातात पाण्याच्या टाकीच्या मुख्य कॉकचं चाक होतं. नुसतंच चाक. "हे तुटलं. कॉक हलला नाही. आता अख्खी टाकी रिकामी होईपर्यंत इलाज नाही. केव्हा भरलीत?"

"सकाळी टँकर आला होता," घारपुरे म्हणाले. हे म्हणताना त्यांना रडू यायचंच बाकी राहिलं होतं. गल्लीत आठवडाभर पाण्याची बोंब होती आणि टँकर लवकर मागवल्याबद्दल त्यांनी कालच चार लोकांकडून स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

चांदभाईंनी खिडकीतून बायकोला हाक मारली, "मदिना! यांचे खालचे गरम पाण्याचे नळ सोड सगळे!" म्हणजे पाणी खालून निघून जाईल आणि इथला जोर कमी होईल. विचार बरोबर होता. फक्त मदिनाबींना टँकरचं पाणी गटारात सोडवेना. त्यांनी आपल्या बादल्या आणल्या, त्या भरल्या, मग गल्लीत आवाज दिला. बघता बघता घारपुऱ्यांच्या पोर्चमध्ये रांग लागली. कोणी बादली आणली, कोणी पिंप, कोणी बाळाचा टब. शेजारच्या वल्लरीने तर दोन पातेली भरून नेता नेता खालूनच ओरडून विचारलं, "काका, रोज असतं का हे?"

वर घारपुरे वाकून बत्ता दाबत उभे होते. चांदभाई पलंगावरच्या कोरड्या कोपऱ्यावर बसले. हात दुखायला लागले की ते आळीपाळीने जागा बदलत. पाण्याचा जोर हळूहळू कमी होत होता.

"एक विचारू का, साहेब?" चांदभाई म्हणाले. "रागावू नका. तुम्ही जर्मनीचं एवढं सांगता. तिकडे होतं तरी काय?"

एरवी या प्रश्नावर घारपुऱ्यांनी तासभर घेतला असता. वेळेवर येणाऱ्या गाड्या, स्वच्छ रस्ते, पाव. पण नाकावरून पाणी ठिबकत असताना आणि दोन्ही हातांनी बत्ता धरलेला असताना माणसाला व्याख्यान देता येत नाही.

"काही नव्हतं हो," ते म्हणाले. "थंडी होती. भाषा येत नव्हती. कारखान्यातून खोलीवर यायचं आणि याला पाठ लावून बसायचं. रविवारी तर दिवसभर. फोन महाग, त्यामुळे पद्मजाशी बोलणंही थोडंच व्हायचं. त्या गावात मला ऊब देणारी अशी ही एकच वस्तू होती."

बोलून झाल्यावर ते स्वतःच चकित झाले. एवढ्या वर्षांत हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

चांदभाईंनी उठून बत्ता आपल्या हातात घेतला. मग म्हणाले, "मी मस्कतला होतो. माहितेय ना? ट्रकच्या वर्कशॉपला. बाहेर आग. पण झोपायच्या हॉलमध्ये एसी, आणि त्याचं बटण सुपरवायझरच्या खोलीत. बंद करायची परवानगी नाही. रात्रभर कुडकुडायचो. शेवटी मदिनाने गोधडी पाठवली. मस्कतला गोधडी! ज्याच्या सामानातून आली त्याला विमानतळावर अर्धा तास थांबवून ठेवलं. त्यांना वाटलं, आत काहीतरी शिवलंय."

"मग हे तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"कसं बोलणार? इकडे सांगून ठेवलं होतं ना, मी एसीत झोपतो म्हणून."

घारपुरे आधी नुसते फुसकन हसले. मग त्यांना हसू आवरेना. चांदभाईही हसायला लागले. हसण्यात बत्ता निसटला, पाण्याची शेवटची चिळकांडी दोघांच्याही अंगावर आली, आणि दोघंही तसेच ओल्या गादीवर बसून हसत राहिले.

नेमक्या त्याच वेळी पद्मजाबाई परत आल्या. रिक्षातून उतरल्या तर आपल्याच घरातून आठ-दहा बायका वाफाळत्या बादल्या घेऊन लगबगीने बाहेर पडताहेत. रिक्षावाल्याने पैसे न घेताच विचारलं, "बाई, सगळं ठीक ना?" पद्मजाबाई दारात थांबल्या आणि त्यांनी वर तोंड करून हाक मारली, "अहो, घरात बाळंतपण आहे की काय?"

गुडघ्याची पर्वा न करता त्या वर आल्या. छतावर तांबूस नकाशे उमटले होते. गादीचा स्पंज झाला होता. जमिनीवर घोटाभर पाण्यात खोबरेल तेलाचे तवंग तरंगत होते, आणि त्यात दोन म्हातारे शाळेतल्या मुलांसारखे मान खाली घालून उभे होते.

"हात दाखवा," पद्मजाबाई म्हणाल्या.

घारपुऱ्यांनी अंगठा पुढे केला. फोड आला होता. पद्मजाबाईंनी तो नीट बघितला, नवऱ्याच्या चष्म्यावरचं पाणी पदराने पुसलं आणि विचारलं, "एखादा इंजिनिअर बोलवायचा का?"

"नको," घारपुरे म्हणाले. "आहे तोच पुरे झाला."

पुढच्या बुधवारी संपत जत्रेचा गुलाल कानामागे तसाच घेऊन हजर झाला. त्याने कॉक बदलले, रेडिएटरकडे येणाऱ्या नळ्या कापून त्यांना टोपणं लावली आणि मग उत्साहाने म्हणाला, "सर, व्हॉल्व्ह दुसरा मागवा. आपण खाली अजून एक कॉक टाकू. आणि पाण्याला क्षार काढायचं मशीन. यंदाच्या थंडीत बघा, कसं चालतंय ते!"

घारपुऱ्यांचे डोळे क्षणभर चमकले. फोन खिशातून अर्धा बाहेर आला. त्यांनी पद्मजाबाईंकडे बघितलं.

"ठेवायचा असेल तर ठेवा," त्या म्हणाल्या. "चांदभाईंनी सांगितलं मला. पाठ लावून बसायचात ते." आवाजात नेहमीची धार नव्हती, आणि त्यामुळेच घारपुऱ्यांना जास्त अवघडल्यासारखं झालं.

ते उठून रेडिएटरपाशी गेले. तो आता गार होता. त्यांनी फासळ्यांवरून हात फिरवला. तरुणपणी हा केवढा मोठा वाटायचा, असं त्यांच्या मनात आलं. आता नुसताच जड वाटत होता.

"काढ, संपत," ते म्हणाले. "न्यायला माणसं बोलाव."

चार जणांनी तो दोन जिने उतरवला. प्रत्येक वळणावर भिंतीचा एकेक टवका गेला. चांदभाई खालून "सावकाश, सावकाश" म्हणत होते आणि मदिनाबी त्यांना "तुम्ही बाजूला व्हा आधी" म्हणत होत्या. भंगारवाल्याने टेम्पोत चढवण्याआधी तो टिचकी मारून बघितला आणि विचारलं, "हे काय होतं, साहेब?"

जर्मनीहून आणलेला, असं वाक्य घारपुऱ्यांच्या ओठांवर आलं. संपूर्ण, नेहमीच्या जोरासकट.

"खोली गरम करायचं यंत्र," ते म्हणाले.

"पुण्यात?" भंगारवाल्याने त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं.

"हो ना," घारपुरे म्हणाले. "एका गाढवाने बसवलं होतं."

टेम्पो निघून गेला. भंगारवाल्याचा चेहरा कसा झाला होता, हे पद्मजाबाईंना कधी एकदा सांगतो असं त्यांना झालं. ते आत आले. खालच्या खोलीत पडदे ओढलेले होते, आणि आठवडाभराच्या गोंधळानंतर पद्मजाबाई भर दुपारी गाढ झोपल्या होत्या, वर्तमानपत्र अर्धं तोंडावर, अर्धं जमिनीवर. घारपुरे तोंड उघडून दारात उभे राहिले. मग त्यांनी ते मिटलं, जमिनीवरचा पेपर उचलून त्याची घडी घातली आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.